साइट पाडणारी सून

आमच्या कामातले किस्से लिहून ठेवावे लागत नाहीत. टेस्ट फसली की कारण शोधण्यात दोन दिवस जातात आणि सापडलेलं कारण इतकं फालतू निघतं, की ते विसरायची सोयच नसते. लग्न होऊन मी शेलूबाजारला आले, घरूनच काम सुरू ठेवलं, आणि किस्से दुपटीनं वाढले.

माझं काम लोड टेस्टिंगचं. वेबसाइटवर एकाच वेळी हजारो खोटी माणसं सोडायची आणि ती कुठे कोसळते ते बघायचं. मी आल्यावर पंधराव्या दिवशी शेजारच्या काकूंनी सासूबाईंना विचारलं, "सून काय करते वं दिवसभर?"

सासूबाई भेंड्या निवडत म्हणाल्या, "लोकायच्या साइटी पाडते. पगार भेटते त्याचा."

*

इथले भाजीवाले शेतकरी लिलावाच्या नंबरासाठी पहाटेपासून बाजार समितीच्या फाटकाशी रांग लावतात. यंदा त्यांच्या गटानं साइट बनवून घेतली. सकाळी आठला उघडेल, घरबसल्या मोबाइलवर नंबर लावायचा. बैठकीत कोणीतरी म्हणालं, "पहिल्याच दिवशी बंद पडली तं पुन्हा चिठ्ठ्या अन् रांग." तेव्हा मामाजी, म्हणजे माझे सासरे, उठून म्हणाले, "माही सून पाहून घेईल."

मला हे त्यांनी जेवताना सांगितलं. वाढून झाल्यावर.

*

पहिल्याच टेस्टमध्ये दोनशे खोट्या शेतकऱ्यांवर सगळं आडवं. साइट बनवणाऱ्याला मी दोन दिवस त्याचा सर्व्हर तपासायला लावला. सर्व्हर निवांत होता. दमला होता माझा लॅपटॉप. दोनशे माणसं उभी करता करता त्याचाच श्वास संपत होता.

मामाजींना समजावून सांगितलं. ते जरा विचार करून म्हणाले, "म्हंजे बैल बसला अन् तू रस्त्याले बोल लावत होती."

*

मग भाड्याच्या मोठ्या सर्व्हरवरून टेस्ट लावली. खोट्या शेतकऱ्यांना मोबाइल नंबर हवा होता, म्हणून सगळ्यांना मामाजींचाच दिला. मेसेज बंद करायचे तेवढे राहिले.

दहा मिनिटांत मामाजी वांग्याच्या वावरातून फोन हातात धरून आले. "प्राची, हा थरथरून राह्यला. चारशेच्या वर ओटीपी आले."

मी माफी मागायला उठले, तर ते चष्मा लावत म्हणाले, "यातला कोनता टाकू?"

*

एकदा ते माझ्यामागे उभे राहून टेस्ट बघत होते. खोटा शेतकरी साइट उघडतो, गाव निवडतो, माल निवडतो, नंबर घेतो. सगळं दोन सेकंदांत.

"हा कोन्या गावचा?"

"कुठलाच नाही, मामाजी. खोटा आहे."

"तरीच. आपला मानूस आधी बाजूच्याले इचारते, तू काय टाकलं? मंग त्यानं टाकलं तेच टाकते. मंग चूक झाली म्हून मांगं येते."

मी टेस्टमध्ये तसे थांबे टाकले, आणि साइट सहाशेवरच अडकली. कोणी फॉर्म उघडून विचार करत बसला, की साइट त्याच्यासाठी एक खिडकी अडवून ठेवत होती. खरा दोष हाच होता. तो दुरुस्त झाला, हजार जण पार पडले. टीममध्ये तीन वर्षं काढून जे मला सुचलं नाही, ते वावरातून आलं.

"अन् समदे एकदम आले तं?" मामाजींनी विचारलं.

"भीती तीच असते," मी म्हटलं. "पण आता टिकेल."

*

उद्घाटनाचा दिवस. आठच्या आधीच मी आणि निखिल, माझा नवरा, साइटवर किती माणसं आली ते दाखवणाऱ्या ग्राफसमोर बसलो. किमान पाचशे जण अपेक्षित होते.

आठ वाजले. एक माणूस आला. मिनिटानं दुसरा. मग तिसरा. बनवणाऱ्याचा फोन आला, "मॅडम, साइट चालू आहे ना?" मी माझ्या मोबाइलवर उघडली, लगेच उघडली. एकही चूक दिसत नव्हती आणि माणसंही नव्हती. मिनिटाला एक, जणू कोणी मोजून सोडतंय. मामाजी फोन उचलेनात.

"गाडी काढ," मी निखिलला म्हटलं.

फाटकापासून पार चहाच्या टपरीपर्यंत रांग होती. प्रत्येकाच्या हातात मोबाइल. सर्वांत पुढे मामाजी खुर्ची टाकून बसलेले.

"झालं तुमचं? नंबर आला? हं, चला, पुढचा. मांगच्यायनं फोन खिशात ठेवा."

मला बघून ते खुर्चीतून उठले. "कालपासून गावोगावी फोन केले. एकालेही एकदम दाबू देलं नाई." मग आवाज खाली आणत म्हणाले, "पडली का?"

"नाही, मामाजी."

"तं मंग," ते म्हणाले आणि त्यांनी पुढच्याला बोलावलं.