स्वयंप्रेरणेचा रकाना

स्वयंप्रेरणा, इंद्रियशिक्षण, स्नायुनियंत्रण, एकाग्रतेचा कालखंड. साताऱ्याला शिक्षणवर्ग पुरा करून सांगलीच्या एका बालमंदिरात नोकरीला लागले, तेव्हा हे सगळे शब्द मला तोंडपाठ होते. आज त्यातला एक जरी कानावर पडला तरी माझं डोकं फिरतं. दुसरी मोठी लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. चार वर्षांच्या पोरांना खेळायला बसवायचं, त्याला एवढे जड शब्द कशाला लागतात, हे विचारायची अक्कल मला नव्हती. उलट ते येतात म्हणून मीच तोऱ्यात होते.

बालमंदिराच्या प्रमुख बाईंचा एक नियम होता. साधनं मांडून ठेवायची आणि आपण गप्प बसायचं. 'हे घे', 'ते कर' असं मुलाला चुकूनही म्हणायचं नाही. मूल आपण होऊन उठेल, त्याला हवं ते उचलेल. याचं नाव स्वयंप्रेरणा. निरीक्षणवहीत तिचा एक रकाना होता आणि तो रोज भरावा लागे.

पलटणीतल्या शिपायांच्या मुलांसाठी आमच्याकडे दोन जागा राखलेल्या होत्या. त्यातल्या एका जागेवर माणदेशातली एक मुलगी आली. बाप लढाईवर, आई सांगलीत हळदीच्या वखारीत मजुरीला. पोरगी दिवसभर तिथल्या धुरळ्यात बसून खोकायची, म्हणून आईनं चार लोकांच्या पाया पडून तिला आमच्याकडे घातली होती. ती चटईच्या कडेला बसे, साधनांकडे टक लावून बघे, मग माझ्याकडे बघे, आणि मांडीवरचे हात काही हलवत नसे. एक दिवस, आठ दिवस, महिना. मी रोज लिहिलं: स्वयंप्रेरणेचा अभाव. दोन महिन्यांनी प्रमुख बाईंनी वही चाळली आणि निकाल दिला. मूल मंद आहे, जागा अडवून बसलंय. शनिवारी नाव काढायचं, तुम्ही आईला सांगून या.

गेले संध्याकाळी वखारीत. आई हळकुंडं निवडत होती आणि पोरगी तिच्या शेजारी बसून तेच करत होती. जाड एका सुपात, बारीक दुसऱ्या सुपात, मोडकी बाजूला. नजर भलतीकडे असली तरी बोटं चुकत नव्हती. ते बघूनही मी आपलं पाठ केलेलं म्हणून टाकलं, "मुलीत स्वयंप्रेरणेचा अभाव आहे."

"आवं बाई, त्ये मला उमगंना. सरळ सांगा की."

सरळ सांगायचं तर काय सांगायचं, याचा मला थांबून विचार करावा लागला. मग म्हणाले, "सांगितल्याशिवाय ती कशालाच हात लावत नाही."

आईचा जीव भांड्यात पडला. "म्हंजी गुणाची हाय म्हणा की. मी भ्याले, काय खोडी केली का काय. मीच बजावलंय तिला, परक्याची जिन्नस हाय, थोरांनी सांगिटल्याबिगर शिवायचं न्हाई. दोन म्हयनं झालं, पर ध्यानात ठिवलंय बगा."

तिनं पोरीच्या पाठीवरनं हात फिरवला. नाव काढायचं ते मी सांगितलंच नाही. तशीच परत आले. दोन महिने ती पोर माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मी तिच्या हातांकडे. डोंबलाचं निरीक्षण.

दुसऱ्या दिवशी दट्ट्यांची पेटी तिच्यापुढे ठेवली. जाडबारीक लाकडी दट्टे, ज्याचं भोक त्यालाच बसणारं. म्हटलं, "घे गं बाळ, लाव." तिनं दहाच्या दहा बसवले. मी प्रमुख बाईंना बोलावून आणलं, पुन्हा काढून पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा तसंच.

"तुम्ही सूचना दिलीत," त्या म्हणाल्या. "मग हे धरता येणार नाही."

"अहो बाई, तिला घरचं वळण आहे ते. वळणाला मंदपणा म्हणायचं का आपण?"

"वहीत अक्षर तुमचंच आहे."

होतंच माझं. धोंडा माझ्या हातानंच पाडला होता, फक्त तो पोरीच्या पायावर पडला होता. त्यांचा संताप आला, त्याहून जास्त माझा मला आला. अजून येतो.

शनिवारी आई न्यायला आली तेव्हा प्रमुख बाईंनी तिला ओसरीवरच सगळं सांगितलं, त्याच जड शब्दांत. ती दारात उभी होती, आपलं काय चुकलं ते न कळून. रोज घंटा झाली की 'चला आता घरी' असं मी म्हणत असे. त्या दिवशी म्हटलं नाही. बाकीची पोरं घंटेबरोबर पळाली. ही मांडीवर हात ठेवून, माझ्याकडे बघत चटईच्या कडेला बसून राहिली.

शेवटी मलाच म्हणावं लागलं, "ऊठ गं, जा आता."

सांगितल्याबरोबर उठली.