दसऱ्याला न थांबलेला पंप

शिवदासला काळजी करायला कारण लागत नसे. घराला कुलूप घातले की तो गल्लीच्या टोकावरून परत येऊन ते ओढून पाही. बायको केसर म्हणे, "कुलूप घट्ट हाय वो, तुमचं मनच ढिलं हाय." रेवदंड्याच्या कोळीवाड्यात अशा माणसाची थट्टा व्हायचीच. पण नेमके त्यालाच दिवसभर काळजी करण्याचे काम मिळावे आणि वर त्याचा पगारही मिळावा, ही देवाची करणी.

साठीच्या दशकातली गोष्ट. मुंबईच्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीने खाडीकाठी पत्र्याची शेड घातली होती. तिकडे उत्तरेला समुद्रकाठी अणूपासून वीज काढायचा कारखाना उभा राहत होता, तिथे हे पंप जायचे होते. तेही रोजच्या कामाला नव्हे. रोजचे पंप बंद पडले तर असावेत म्हणून राखून ठेवायला. पाठवण्याआधी ते न थांबता किती दिवस तग धरतात, हे शेडमध्ये पाहायचे. खाडीचे पाणी उचलायचे, टाकीत सोडायचे, टाकीतून पुन्हा खाडीत. गावाला हसायला एवढे पुरे होते. 'रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी' म्हणत बायका मासळीच्या पाट्या घेऊन शेडवरून जात.

शिवदास तिथे दिवसपाळीचा इंजिनवाला. "तेल द्या, डिझेल द्या, पण थांबवू नका," असे साहेबांनी बजावले होते. "तापला तर तापू द्या. मध्येच थांबवलात तर ती चाचणीच नव्हे." एवढे सांगून साहेब सणाला मुंबईला गेले आणि घोर शिवदासच्या गळ्यात बांधून गेले.

नवरात्र बसले तेव्हा पंप छान चालला होता. दसरा तोंडावर आला आणि एका बाजूचे बेअरिंग तापू लागले. आधी नुसते कोमट. मग शिवदासला त्यावर तळवा टेकवून ठेवता येईना. आवाजातही कुठेतरी कुरकुर मिसळली होती. जेवतानाही त्याचे कान शेडकडेच असत.

दसऱ्याच्या सकाळी मुकादम गुणाजी झेंडूच्या माळा घेऊन आला. या दिवशी किनाऱ्यावरचे एकूण एक यंत्र गप्प असते. होडीचे इंजिन, सुताराचा रंधा, शिंप्याचे मशीन, सगळ्यांना हळदकुंकू आणि विसावा. चालत्या यंत्राची पूजा कोणी ऐकली आहे?

"शिवदास, घटकाभर बंद कर," गुणाजी म्हणाला. "पूजा व्हईल, बेअरिंगपन निवंल. साहेब मुंबईला. कोन सांगायला जातंय?"

"बंद न्हाय करायचा, दादा."

"आनि जळला म्हंजे? कंपनी शेडला टाळं लावंल. मग पोरंबाळं काय खानार? तू जाशील परत होडीवर?"

हा घाव वर्मी बसला. शिवदासचा धाकटा भाऊ कान्हा समुद्रात बुडून गेला, त्याला चार पावसाळे झाले होते. त्यानंतर शिवदासने होडीत पाय ठेवला नव्हता. शेड बंद झाली तर त्याला दुसरा धंदा येत नव्हता. आणि गुणाजीचे खोटे तरी काय होते? घटकाभर थांबला असता तर बेअरिंग निवले असते, पंप पास झाला असता, देवही राजी, साहेबही राजी. शिवदासचा हात बंद करायच्या दांड्यावर गेला.

तेवढ्यात त्याची आई, नीराबाई, पूजेचे ताट घेऊन आत आली. मुलाचा हात कुठे आहे ते तिने पाहिले.

"ह्यो पंप कशाला रं, शिवा?" इतके दिवस तिने हे विचारले नव्हते.

"आये, तिकडं मोठी भट्टी हाय. दुसरे सगळे पंप बंद पडले तर तिला गार ठेवायला ह्यो एकटाच. ह्योबी बंद पडला तर कोन न्हाय."

नीराबाईने दांड्यावरच्या हाताकडे पुन्हा पाहिले. कान्हाची होडी कोर्लईसमोर फुटली होती. इंजिन बंद पडले, आत पाणी भरू लागले, तेव्हा पोरांनी राखून ठेवलेला हातपंप काढला. त्याच्या दट्ट्याचे कातडे सुकून चिरले होते. तो पाणी ओढीना. फळ्यांना धरून जे वाचले त्यांनी हे सांगितले होते.

"गुणाजी," म्हातारी म्हणाली, "त्या हातपंपाला मी दर दसऱ्याला कुकू लावलं. हात जोडले. पन चालवून कवा बघितला न्हाय. मीबी न्हाय, कुनीबी न्हाय." तिने हनुवटीने पंप दाखवला. "ह्याला बंद करू नको."

गुणाजीने माळा खुंटीला टांगल्या आणि बाहेर जाऊन बिडी पेटवली. शिवदासने दांड्यावरून हात काढला. म्हातारी ताट मांडीवर घेऊन भिंतीशी बसली. माय-लेक दोघेही त्या कुरकुरीकडे कान लावून होते, आणि दोघांनाही भीती वाटत होती.

दुपार कलली आणि पंप किंचाळला. बेअरिंगमधून धूर निघाला, पंपाखालचा पाया हादरू लागला. शिवदासने धावत जाऊन इंजिन बंद केले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच शेडमध्ये खाडीच्या लाटांचा आवाज ऐकू आला.

"बघ! सांगत हुतो!" गुणाजी कपाळावर हात मारून ओरडला. "दसऱ्याला राबवलास, कोपला! आता साहेबाला काय सांगू?"

शिवदास खाली बसला. त्याला रडू येत होते. सकाळी घटकाभर थांबवला असता तर हाच पंप पास होऊन, माळ घालून, उत्तरेला गेला असता, हे त्याच्या ध्यानात आले आणि त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला.

नीराबाई उठली. धूर निवळेपर्यंत थांबली. मग बोटाने कुंकू घेऊन तिने त्या जळलेल्या पंपाला लावले आणि लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा त्याच्या लोखंडावरून हात फिरवला.

"बरं केलंस रं बाबा," ती म्हणाली. "हितंच मोडलास."