काडीचं उजवं टोक

डिग्रीकाकांना आयुष्यात एकही डिग्री मिळाली नाही. शाळेच्या शेवटच्या वर्गात त्यांची गाडी दोनदा अडकली; तिसऱ्यांदा मास्तरांनीच मागून धक्का देऊन ती फाटकाबाहेर काढली. तिथून दहा-बारा वर्षं पडेल ते काम करून ते पाण्याच्या टाकीवर पंप चालवायला गेले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. नाव पडलं ते टाकीच्या आवारातल्या एका पांढऱ्या पेटीमुळे. पेटी चार पायांवर उभी, छातीइतकी उंच, चारी बाजूंना झडपा, पुढे दोन दारं. कुणीतरी हौसेने कबुतरांसाठी बंगला बांधला आणि कबुतरांनी तो नाकारला, असं तिच्याकडे पाहून वाटे. आत थर्मामीटर होते. हवामान कार्यालयाने कधीकाळी पेटी तिथे ठेवली होती आणि आधीच्या पंपवाल्याने जाताना किल्ली काकांच्या हातात देत सांगितलं होतं, "रोज सकाळी साडेआठला उघडायची, वाचायचं, वहीत लिहायचं. बाकी त्यात काही नाही."

त्या 'काही नाही'त काकांची चौतीस वर्षं गेली. मधेच ते निवृत्त झाले तेव्हा पंप दुसऱ्याकडे गेला, खुर्ची तिसऱ्याकडे गेली. पेटीची किल्ली मात्र कुणी मागितली नाही आणि काकांनीही आठवण करून दिली नाही.

चौतीस वर्षांत वहीतलं एकही घर रिकामं नव्हतं. मुलीच्या लग्नाच्या दिवशीही काका नव्या कोटात टाकीवर जाऊन आले होते. "नवरदेव थांबेल," ते म्हणाले होते, "साडेआठ थांबत नाहीत." फक्त एकदा, सव्वीस वर्षांपूर्वी, टाकीच्या शिडीवरून पडून त्यांचा पाय मोडला आणि ते अकरा आठवडे पलंगाला खिळले. त्या अकरा आठवड्यांच्या नोंदी वहीत गोल, टपोऱ्या, एकसारख्या अक्षरांत होत्या. ते अक्षर काकूंचं.

काकू शिवणकाम करत. घरातल्या पुढच्या खोलीत त्यांचं मशीन, आणि मशीनच्या वर भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये एक टाइप केलेलं पत्र. कार्यालयाने ते त्या हिवाळ्यानंतर पाठवलं होतं: 'प्रतिकूल परिस्थितीत आपण नोंदी अखंड ठेवल्याबद्दल हे कार्यालय आपले आभारी आहे.' वर मायना होता 'प्रभारी निरीक्षक, यांस'. काकूंना जन्मात आलेलं हे एकमेव सरकारी पत्र. कोटाचं माप द्यायला आलेलं गिऱ्हाईक हात पसरून उभं राहिलं की त्याची नजर नेमकी त्या पत्रावर जाई. पत्र तिथे लावण्यामागे काकूंचा काही हेतू होता असं कुणी म्हणू नये. खिळा तिथेच होता, एवढंच त्यांचं म्हणणं.

या वर्षी थंडी अशी पडली की बोलता सोय नाही. नळातून पाणी यायच्या आधी नळ खाकरत. दोरीवरचे सदरे वाळण्याऐवजी ताठ होत. काकूंकडे जुन्या कोटांना नवं अस्तर लावायला एवढी रांग लागली की घरात बसायला जागा होती ती फक्त कोटांना.

आणि टाकीसमोरच्या सलूनमध्ये वादाला ऊत आला. सलूनवाला काकांचा तीस वर्षांचा मित्र. त्याचा वस्तरा धारदार, पण जिभेपुढे तो लोणी कापायच्या लायकीचा.

"काय डिग्री, आज किती?" त्या सगळ्यांत थंड सकाळी त्याने आतूनच हाक मारली.

"एक पूर्णांक आठ."

"आणि म्हणे पृथ्वी तापतेय! अरे, सकाळी एका गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावला, तर तो म्हणाला, ही दाढी आहे की शिक्षा?"

"ही हवा झाली. तापतंय ते हवामान."

"एका 'मान'ने एवढा काय फरक पडतो?"

"मानेनेच पडतो. तुझ्या वस्तऱ्याखाली बसलाय त्याला विचार."

वस्तऱ्याखालचा माणूस हसणार होता, पण शहाणा होता, हलला नाही.

"मान म्हणजे प्रमाण," काका बाकावर बसत म्हणाले. "तीस वर्षांची बेरीज-वजाबाकी केल्यावर उरतं ते. एका सकाळीवरून जग थंड झालं म्हणू नये. आणि ही काही सगळ्यांत थंड सकाळ नव्हे. सव्वीस वर्षांपूर्वी शून्य पूर्णांक चार होतं. आमच्या घरच्यांनी स्वतः घेतलेली नोंद आहे!"

हा काकांचा हुकमाचा एक्का. तो पडला की सलूनवाला गप्प बसे, कारण वहिनींच्या आकड्यावर शंका घ्यायची तर त्याच्या कोटाचं अस्तर अजून त्यांच्याच ताब्यात होतं. तो कोट न्यायला आला तेव्हा मात्र त्याने वाद थेट वरच्या कोर्टात नेला.

"वहिनी, तुम्हीच सांगा. हवा आणि हवामान, काय भानगड आहे ही?"

काकूंच्या ओठांत टाचण्या होत्या. त्यांनी त्या एकेक काढून उशीत खोचल्या.

"आमच्या लग्नाला छत्तीस वर्षं झाली. आकडाच बघा कसला. त्यात एकदा यांनी सकाळचा चहा केला. ती हवा. बाकी रोज मी करते. ते हवामान."

सलूनवाला इतका हसला की नवं अस्तर उसवायची वेळ आली. काका नाराज झाले, पण व्याख्येत चूक काढता येईना.

महिना संपत आला आणि काकांच्या उजव्या डोळ्यातल्या मोतीबिंदूची तारीख आली. डॉक्टरांनी डोळ्यावर झाकण लावलं आणि बजावलं, आठ दिवस बारीक वाचायचं नाही, वाकायचं नाही. डावा डोळा आधीच नावापुरता. म्हणजे पेटी पुन्हा काकूंकडे आली.

दुसऱ्या दिवशी सव्वाआठला दोघं निघाले. काकू शालीवर कोट आणि कोटावर काकांचा मफलर अशा थाटात. काका एका डोळ्याने रस्ता चुकवत. टाकीच्या आवारात काकांनी किल्ली दिली. काकूंनी पेटीची दोन्ही दारं उघडली, नव्या गिऱ्हाइकाकडे पाहावं तसं आत पाहिलं आणि म्हणाल्या,

"उणे शून्य पूर्णांक आठ."

"उणे?"

"उणे. शून्याच्या खाली. अजून डोळे शाबूत आहेत माझे."

काका दचकले. पेटीशेजारी नळाखाली बादली असते, रात्रभर भरलेली. एक पूर्णांक आठच्या सकाळी तिच्यावर बर्फाचा पापुद्रा आला होता. त्यांनी न वाकता उकिडवं बसून बोट बुडवलं. पाणी गार होतं, पण पाणीच होतं.

"काडीचं कुठलं टोक वाचलंस?" त्यांनी विचारलं.

रात्री तापमान किती उतरलं हे सांगायला त्या आडव्या थर्मामीटरच्या नळीत एक इवलीशी काळी काडी असते. थंडी वाढली की ती खाली सरकते आणि तिथेच थांबते, उनाड मुलगी घरी किती वाजता आली हे सांगणाऱ्या शेजारणीसारखी. पण ती वाचायची एकाच टोकाला: नळीच्या डाव्या टोकाला असलेल्या गोळ्यापासून लांबच्या, म्हणजे उजव्या. दुसऱ्या टोकाला वाचलं तर काडीच्या लांबीइतकी, तीन डिग्री, थंडी फुकटात वाढते.

"उजवं. तुम्ही सांगितलं होतं तेच," काकू म्हणाल्या आणि त्यांनी डाव्या टोकावर बोट ठेवलं.

काकांनी थर्मामीटर तिरकं करून काडी कशी परत न्यायची तेवढं सांगितलं आणि घरी आले. वही उघडली. आजच्या घरावर पेन टेकवलं आणि उचललं.

आज चूक झाली त्याचं काही नव्हतं. तीन मिळवले की काम झालं. पण थर्मामीटर तेच होतं, पेटी तीच होती, निरीक्षकही तीच. म्हणजे सव्वीस वर्षांपूर्वीचे अकरा आठवडे! सत्त्याहत्तर टपोरे आकडे, त्यांत ते शून्य पूर्णांक चार. हुकमाचा एक्का घरीच रंगवलेला निघाला. काकांनी मान वर केली. समोर भिंतीवर 'प्रभारी निरीक्षक, यांस'. खाली मशीन चालू होतं आणि काकू गुणगुणत होत्या. टाकीवरून आल्या की त्या दिवसांतही अशाच गुणगुणायच्या. प्लॅस्टरमध्ये पडलेल्या काकांना ते ऐकूनच आठ चाळीस झाल्याचं कळे.

वही सुधारायची तर हे गुणगुणणं खोडावं लागणार. शिवाय सलूनवाला पेढे वाटत नाचेल: हीच थंडी सर्वांत मोठी, मग बोला, कुठे गेलं तुमचं तापणं? आणि नाही सुधारायची, तर चौतीस वर्षं आपण टाकीवर काय केलं? व्यायाम?

मशीन थांबलं.

"आजचं घर रिकामं का?" काकू मागे उभ्या होत्या.

"डोळ्यातून पाणी येतंय. दिसत नाही."

"द्या, मी लिहिते."

"नको!" काका जवळजवळ ओरडलेच.

काकूंनी गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली. "अहो, मी चुकलेय का?"

छत्तीस वर्षांत काकांनी या बाईपासून एकही गोष्ट पाच मिनिटांपेक्षा जास्त लपवली नव्हती, जमलंच नव्हतं. त्यांनी सांगून टाकलं. काडी, गोळा, तीन डिग्री, सत्त्याहत्तर दिवस. सांगताना पत्राकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून दर वाक्याला पाहत होते.

काकू शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तुम्ही पलंगावरून काय सांगितलं होतं? शब्द सांगा."

"काडीचं उजवं टोक."

"बरोबर. मग पेटी माझ्यासमोर उभी. दारं उघडलेली, कोट घालायला हात पसरलेल्या माणसासारखी. उजवी बाही कुठे लावू मी? माझ्या डाव्या हाताला! समोरच्याचं उजवं तेच उजवं. मी जर माझं उजवं धरून कोट शिवले असते, तर या गावातली माणसं पाठीवर बटणं लावून फिरली असती."

काकांचा उघडा डोळा मोठा झाला. चौतीस वर्षांत त्यांना पेटीलाही एक उजवी बाजू असेल असं वाटलं नव्हतं.

"म्हणजे चूक माझी," ते म्हणाले. "शिवणाऱ्या बाईला नुसतं 'उजवं' सांगितलं."

"नवराबायकोचं उजवं कधी एक असतं का? विचारायला मला तरी काय झालं होतं?" काकूंनी खुर्ची ओढली. "खोडायचा नियम काय आहे तुमचा?"

"खोडायचं नाही. चुकीवर एक रेघ, वर बरोबर आकडा, बाजूला सही."

"मग आणा ती जुनी वही. माझे आकडे आहेत, मीच मारणार रेघा."

दुपारचं ऊन खिडकीतून टेबलावर येऊन सरकून गेलं तोवर सत्त्याहत्तर रेघा मारून झाल्या. काकू मिळवत होत्या, काका तोंडाने पडताळत होते. शून्य पूर्णांक चारपाशी काकूंचा हात थोडा थांबला. मग एक सरळ रेघ, शिवणीइतकी सरळ, आणि वर तीन पूर्णांक चार. सही.

"पत्राचं काय करायचं?" आजच्या घरात दोन पूर्णांक दोन लिहून झाल्यावर काकांनी हळूच विचारलं. "मी काढू का? म्हणजे... तुला नको असेल तर."

काकूंनी चष्मा कपाळावर चढवला आणि भिंतीकडे पाहिलं. ओठ हलवत पूर्ण पत्र वाचलं, जसं पाठ नव्हतंच.

"काय लिहिलंय नीट वाचा. 'अखंड' लिहिलंय. 'अचूक' नाही लिहिलेलं. अखंड मी ठेवल्या. राहू दे तिथेच. आणि कार्यालयाला आजच कळवा. प्रभारी निरीक्षकांच्या सहीने."

संध्याकाळी काका सलूनमध्ये गेले. बाकावर न बसता उभ्यानेच म्हणाले, "सव्वीस वर्षांपूर्वीचा आकडा चुकला होता. हीच थंडी सगळ्यांत जास्त. वहीत दुरुस्ती केली."

सलूनवाल्याची कात्री हवेत थांबली. "म्हणजे मी जिंकलो?"

"हवेत जिंकलास." काकांनी खिशातून चिठ्ठी काढली. "आता हे बघ. आठ डिग्रीच्या खाली गेलेल्या सकाळी. पहिल्या दहा वर्षांत दर हिवाळ्याला सरासरी एक्केचाळीस. आज दुरुस्ती केल्यावर एकोणचाळीस. आणि गेल्या दहा वर्षांत, हा हिवाळा धरून, तेवीस. मान थोडी हलली, मोडली नाही."

सलूनवाल्याने चिठ्ठी आरशाजवळच्या दिव्यापाशी धरून दोनदा वाचली. "अरे, मग हे का नाही सांगितलंस इतके दिवस? वहिनींच्या एका सकाळीमागे लपून बसलास!"

ते खरं होतं. एका सकाळीवरून भांडू नका असं जगाला सांगणाऱ्या माणसाच्या हातात हुकमाचं पान होतं तेही एक सकाळच.

"बस," सलूनवाला म्हणाला, "कानामागचे केस वाढलेत. आणि मान सरळ ठेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंना जाग आली ती भांड्यांच्या आवाजाने. स्वयंपाकघरात काका एका डोळ्याने चहा गाळत होते. अर्धा कपात, अर्धा ओट्यावर. काकू दारात शाल घट्ट ओढून उभ्या राहिल्या.

"ही काय म्हणायची? हवा की हवामान?"

"एका सकाळीवरून सांगता येत नाही," काका कप पुढे करत म्हणाले. "तीस वर्षं तरी बघावं लागतं."

"चौऱ्याण्णवचे व्हाल तुम्ही."

"होईन की. नोंद कुणीतरी ठेवायला हवी."

काकूंनी चहाचा घोट घेतला. मग मापं लिहायची त्यांची वही उघडली, कोरं पान काढलं, तारीख घातली आणि टपोऱ्या अक्षरात लिहिलं: 'चहा. साखर कमी. बाकी ठीक.' बाजूला सही केली आणि घड्याळाकडे पाहत म्हणाल्या, "चला, सव्वाआठ झाले. आज कुणाचं उजवं ते आधीच ठरवून निघू."