मालकांची गोळी

केराबाईच्या हातून हजारभर कोकरं जन्माला आली असतील, पण स्वतःच्या पहिल्या नातीला तिनं महिनाभर बोटसुद्धा लावलं नाही. ही बाई कोण ते आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही तिच्या सुनेसारखं भलतंच मनात धरून बसाल.

मंगळवेढ्याकडच्या माळावर मेंढरांमागं जन्म काढलेली ही धनगरीण. आवाज असा, की पार नाल्यापलीकडचं मेंढरू मान वळवून बघायचं. तीन वर्षांमागं नवरा येडू गेला आणि हिनं हातपाय गाळले. मेंढरं कोंडल्या जागी ओरडायची, ही भिंतीकडं तोंड करून पडलेली. जेवण नाही, झोप नाही, वर सर्दी-खोकला सारखा मागं लागलेला. लेक सिद्धराम सोलापुरात, नवी पेठेतल्या कापडाच्या दुकानात कामाला. त्यानं तिला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. गोळी सुरू झाली आणि दीड महिन्यात बाई उठून मेंढरांना शिव्या घालायला लागली. मेंढरांनाही बरं वाटलं असणार!

औषधाचं इंग्रजी नाव तिच्या जिभेवर बसेना आणि नवऱ्याचं नाव ती उभ्या जन्मात घेत नव्हती. मालक गेल्यावर आली, म्हणून ती त्या गोळीला ‘मालकांची गोळी’ म्हणायची. रोज सकाळी चहाबरोबर, न चुकता घ्यायची.

यंदा सून ऋतुजाला दिवस गेले. ऋतुजाची आई ती लहान असतानाच गेलेली. “आत्या, बाळंतपणाला तुमीच पायजे,” ती सासूला फोनवर म्हणाली. झालं! मेंढरं दिराच्या हवाली करून केराबाई सातव्या महिन्यातच सोलापुरात हजर. शेंगा फोडत बसलं की सुनेला मेंढरांच्या गोष्टी सांगायची. एखादी मेंढी कोकराला जवळच घेत नाही, तेव्हा काय करायचं? “कोकराचा वास तिच्या नाकाला लावायचा. ती लाता मारती, आपन रोज लावायचा. वास डोस्क्यात बसला की घेती जवळ.”

मग तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी सांगितलं, की बाळाला सहा महिने फ्लूची लस देता येत नाही, तेव्हा बाळाला घेणाऱ्यांनी ती टोचून घ्यावी. केराबाईनं मान डोलावली आणि घरी येऊन घोळ घातला. घोळ तरी कसा म्हणायचा, चाळीस वर्षांचा अनुभव वापरला बाईनं! तिच्या घरची रीत अशी, की लशीआधी पंधरा दिवस आणि नंतर पंधरा दिवस मेंढराला दुसरं औषध पाजायचं नाही. पाजलं तर लस धरत नाही. मग माणसाचं काय वेगळं असणार? म्हणून तिनं मालकांची गोळी बंद केली. कुणाला सांगितलं नाही. पाकिटं कमरेच्या चंचीत, सुपारीशेजारी सारून दिली.

लस टोचली आणि दोनच दिवसांत, तीन आठवडे आधीच, बाळ झालं. मुलगी. ऋतुजा तिला घेऊन घरी आली तर आजी भिंतीकडं तोंड करून पडलेली. “डोस्कं गरगरतंय,” एवढंच म्हणाली आणि पांघरूण ओढून घेतलं. सिद्धरामला वाटलं, ऊन लागलं असेल. पुरुषाची अक्कल ती, किती चालणार? ऋतुजानं मात्र एकच अर्थ काढला, मुलगी झाली म्हणून. ती आतल्या आत जळत राहिली. बाळाला न्हाऊ घालायला शेजारची चंद्रव्वा येऊ लागली. आई नाही, आणि जिला आईच्या जागी मानलं तिनं पाठ फिरवली. पोरीनं रडायचं तरी कुणापाशी?

अकराव्या दिवशी बाळाचं पोट दुखायला लागलं. ओव्यासाठी ऋतुजानं सासूची चंची उघडली, तर आत गोळ्यांची आख्खी पाकिटं.

“आत्या, ह्या का खाल्ल्या न्हाईत?”

“लस धराया नगं व्हय?” केराबाई भिंतीकडूनच बोलली. “दोनच दीस ऱ्हायल्यात आता. पोरीला माज्या शासातनं काय लागाया नगं.”

ऋतुजानं पाकिटं पदरात घेतली. अकरा दिवस आपण या बाईला मनातल्या मनात काय काय बोललो! तिची तिलाच लाज वाटली.

दुपारीच सिद्धरामनं आईला रिक्षानं डॉक्टरीणबाईंकडं नेलं.

“केराबाई, या गोळीनं लस वाया जात नाही,” त्या म्हणाल्या. “उलट मन खचलं की अंगातले रोगाशी लढणारे शिपाई कित्येकदा उगाच पेटून राहतात, आत सूज धरते, आणि खरं दुखणं आलं की तेच कमी पडतात. गोळीनं ती सूज काही जणांत कमी झालेली दिसते. कशी आणि किती, ते आम्हालाही अजून पुरतं कळलेलं नाही. पण गोळी अशी एकदम तोडायची नाही. डोकं गरगरतं, मन परत खाली जातं.”

केराबाई म्हणाली, “म्हंजी कुत्र्यावानी. रातभर सावलीवर भुकायचं आन लांडगा आला की झोपायचं.”

“अगदी तसंच नाही,” डॉक्टरीणबाई हसल्या, “पण जवळपास.”

गोळी परत सुरू झाली. पण गोळी म्हणजे काय विजेचं बटण आहे, दाबलं की उजेड? आठवडा गेला, दुसरा गेला, बाई भिंत सोडेना. मग ऋतुजाला ती मेंढी आठवली. रोज सकाळी न्हाणं झालं की ती बाळाचं डोकं अलगद सासूच्या नाकाशी न्यायची.

“ने गं तिला,” केराबाई मान फिरवायची.

“न्हेते की. उद्या परत आनते.”

चौथ्या आठवड्यात एके सकाळी केराबाईनं मान फिरवली नाही. हुंगलं. पुन्हा एकदा हुंगलं. कपाळाला आठी पडली.

“टाळूला तेल कुनी लावलंय हे? ही काय टाळू भरायची रीत झाली? आन ती पोरगी हिकडं!”

आवाज असा, की भिंतीपलीकडं चंद्रव्वाच्या हातातलं भांडं खाली पडलं. केराबाई उठून बसली, पाय पसरले आणि नातीला त्यावर घेतलं. ऋतुजानं सासूच्या पाठीला डोकं टेकलं आणि महिनाभराचं साठलेलं सगळं रडून घेतलं.

“रडतीस काय?” केराबाई मागं न बघता म्हणाली. “तेल आन.”