वाटी खाली आहे

मी घाबरट बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. गॅस बंद केला का हे बघायला मी फाटकापर्यंत गेलेली परत येते, आणि एकदा नाही, दोनदा येते. पण आमच्या अंगणातल्या जुन्या गाडीची मला जेवढी भीती वाटायची तेवढी दुसऱ्या कशाची वाटली नाही. गाडी माझ्या लेकीपेक्षा वयानं मोठी. तिचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार आतून उघडायचंच नाही, हँडल कधीचं तुटलेलं. आत बसलेल्यानं काच खाली करायची, हात बाहेर काढायचा आणि बाहेरून दार उघडायचं. ती काचही जोर लावल्याशिवाय हलायची नाही. आणि आता त्या दारामागे माझी लेक बसायला लागली होती.

हे, म्हणजे माझे यजमान, रेल्वेत होते. मिरजेहून जयपूरला बदली झाली तेव्हा लेक दोन वर्षांची होती. तीन वर्षांत परत जाऊ म्हणत म्हणत हे इथेच रिटायर झाले आणि आम्ही तिलक नगरात राहिलो. गाडी यांनी इथेच जुनी घेतली, आणि तिला दुसऱ्या कुणाचा हात म्हणून लावू दिला नाही. मग साखरेनं डोळे अधू केले. समोर उभा माणूस दिसायचा, हातातला स्क्रू दिसायचा नाही. बोटांची टोकंही बधिर झाली. डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली तेव्हा हे दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. लेकीला ते बघवेना. ती म्हणाली, "बाबा, मी चालवते. तुम्ही बाजूला बसून मला ओरडा."

तशी ती दोघं एका रविवारी आमेरच्या किल्ल्याला निघाली आणि चढावर गाडी आचके देत बंद पडली. मागे बस, बसच्या मागे जीपगाड्या, आणि सगळ्यांचे हॉर्न. लेक घरी आली ती किल्ली टेबलावर टाकून सरळ आत गेली, आणि हे मात्र खुशीत. यांना रोग सापडला होता. म्हणाले, "चढावर पेट्रोल कमी पडतंय. फ्लोट बघायला हवा."

फ्लोट काय ते मला इतक्या वर्षांत पाठ झालंय. कार्बुरेटरला एक वाटी असते. पंपाकडून आलेलं पेट्रोल आधी तिच्यात जमतं आणि मग इंजिनात जातं. वाटीत एक पोकळ पितळी डबी तरंगते, तोच फ्लोट. आपल्या पाण्याच्या टाकीत गोळा असतो ना, तसाच. पेट्रोल ठरल्या खुणेपर्यंत चढलं की फ्लोट वर येतो आणि येणारं पेट्रोल बंद करतो. फ्लोटला पत्र्याची एक बारकी जीभ असते. ती केसभर वाकवली की पातळी बदलते. कमी पडली तर गाडी चढावर मरते. जास्त झाली तर पेट्रोल वाटीबाहेर येतं आणि बरोबर खालच्या तापलेल्या पाइपावर पडतं. ते वाक्य हे अगदी सहज म्हणायचे, भाजीत मीठ जास्त झालं म्हणावं तसं. मी मात्र दर वेळी उठून गॅस बघून यायचे.

पुढचं सांगण्याआधी माझ्या घरातल्या कायद्याबद्दल सांगायला हवं. उंबऱ्याच्या आत मराठी. शाळेत हिंदी, ऑफिसात हिंदी-इंग्रजी, रस्त्यावर काय हवं ते बोला, पण घरात मराठी. लेक लहानपणी "मम्मी, मतलब" असं सुरू करायची आणि मी डोळे मोठे करायचे. "बंद कर ती हिंदी," हे मी दिवसातून दहा वेळा म्हणायचे. मिरजेला गेलं की जावा तिच्या मराठीला हसायच्या आणि माझ्या जिवाची आग व्हायची. त्यामुळे मी आणखी कडक झाले. सत्तावीस वर्षांची घोडी झाली तरी माझ्यासमोर बोलताना ती मधेच अडखळते, शब्द शोधते. मला वाटायचं, चांगलंय, शोधतेय म्हणजे शिकतेय.

पुढच्या रविवारी सकाळी दोघांनी बॉनेट उघडलं. गाडी आठवडाभर उन्हात उभी होती. मी पायरीवर मेथी निवडत बसले होते, म्हणजे खरं तर पहारा देत होते. काम असं ठरलं: हे वाटीवरचं झाकण बसवणार, पंपाचा दांडा हातानं दहा-बारा वेळा दाबून वाटीत पेट्रोल आणणार, झाकण काढणार. मग यांचे डोळे म्हणून लेक आत वाकून बघणार, की पेट्रोल खुणेच्या वर आहे की खाली. खूण यांनीच कधीकाळी आत ओरखडा काढून केलेली. लेकीनं सांगायचं, यांनी जीभ वाकवायची.

दांडा दाबून झाला. झाकण निघालं. लेक वाकली.

"कुठे आहे?" यांनी विचारलं.

"बाबा, कटोरी तो..." ती म्हणाली.

मी मेथीतून मान वर केली आणि तिच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. ती थांबली, शब्द शोधला, आणि म्हणाली, "वाटी... खाली आहे."

"खाली?"

"हो. खाली आहे."

यांनी चिमट्यानं जीभ वाकवली. परत झाकण, परत दांडा, परत झाकण काढलं.

"आता?"

"अजून खालीच आहे, बाबा."

"एवढी?" हे पुटपुटले आणि आणखी वाकवली. मला आठवतं, मी मनात खूश झाले होते. पोरगी दोन वाक्यं धड मराठीत बोलली होती.

मग सगळं बसवून लेक आत जाऊन बसली. दार बाहेरून यांनीच लावलं. गाडी चार-पाच वेळा घुरघुरली आणि सुरू झाली. "राहू दे चालू, जरा तापू दे," हे म्हणाले आणि बॉनेटशी कान देऊन उभे राहिले. पेट्रोलचा वास आला. मी म्हटलं, वास येतोय. हे म्हणाले, सुरू होताना येतोच, तू मेथी निवड.

वास वाढला. मी उठून जवळ गेले. वाटीच्या झाकणाखालून पेट्रोल पाझरत होतं. थेंब नाही, धार. ती धार खालच्या पाइपाकडे चालली होती आणि तिथून पांढरी वाफ उठत होती. हे त्या वाफेपासून हातभरावर उभे होते आणि यांना ती दिसत नव्हती.

माझी बोबडी वळली. आयुष्यभर ज्या तोंडाचा पट्टा चालू असतो त्या तोंडातून आवाजच फुटेना. काचेमागे लेक मैत्रिणीशी फोनवर बोलत होती, हिंदीत, हसत हसत. काच जेमतेम चार बोटं उघडी. शेवटी कसाबसा आवाज निघाला.

"बंद कर."

तिनं माझ्याकडे बघितलं. चेहरा पडला. आणि तिनं फोन बंद केला.

गाडी चालूच. तिला वाटलं, मी हिंदी बंद कर म्हणतेय. दुसरं काय वाटणार? तेवढ्यात इंजिन फाटकन शिंकलं आणि भप्पकन जाळ उठला. निळा, वर पिवळा. हे मागे कोलमडले. लेक काचेचं हँडल फिरवत होती आणि काच हलत नव्हती. मी दार ओढलं ते आठवतं. तिला दंडाला धरून बाहेर फेकली तेही आठवतं. फाटकाजवळ येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी ठेवलेल्या माठाला ओलं तरट गुंडाळलेलं असतं, ते मी कधी सोडवलं आणि कधी इंजिनावर टाकलं हे मात्र मला सांगता येणार नाही. किल्ली लेकीनंच हात घालून फिरवली असणार. जाळ विझला. यांच्या उजव्या हाताचे केस जळाले होते आणि एक भुवई.

बस, एवढंच झालं. पण मी तिथे जमिनीवर बसले ती उठेचना.

शेजारच्या बाई धावत आल्या. लेक त्यांना सांगत होती, आणि मी खाली बसून ऐकत होते. "पता नहीं आंटी, कैसे हुआ. कटोरी तो एकदम खाली थी, सूखी पड़ी थी. मैंने बाबा को दो बार बोला, खाली है."

सूखी. म्हणजे रिकामी. हिंदीतलं खाली.

वाटीत पेट्रोल आलंच नव्हतं. इंजिन एका ठरावीक जागी थांबलेलं असलं की पंपाचा दांडा पोकळ चालतो, पेट्रोल ओढत नाही, आणि यांच्या बधिर बोटांना ते कळलं नव्हतं. लेकीला "रिकामी" हा शब्द सुचला नाही म्हणून ती हिंदी शब्दाला "आहे" लावून मोकळी झाली, आणि यांनी तो मराठी धरला. पेट्रोल खुणेच्या खाली आहे असं समजून दोनदा जीभ वाकवली, आणि इंजिन सुरू होऊन पंप खरा चालायला लागल्यावर वाटी उतू गेली. ती आपल्या मनानं बोलली असती तर "कटोरी तो सूखी पड़ी है" म्हणाली असती. मी मान वर केली म्हणून तसं म्हणाली नाही.

मला हे सगळं तिथेच कळलं, पण मी कुणाला सांगितलं नाही. यांना वाटलं, आपले डोळे आणि बोटं चुकली. यांनी पाने आणि चिमटे पुसून फडक्यात बांधले, माळ्यावर टाकले. जेवताना म्हणाले, "गाडी काढून टाकू. पोरीला मारलं असतं मी आज." लेक रडली. मी पोळ्या वाढत राहिले. चार दिवस मी रोज ठरवायचे आज सांगायचं, आणि दुसऱ्याच कामाला लागायचे. जाळाच्या वेळी वाटली त्याहून जास्त भीती मला ते एक वाक्य बोलायची वाटत होती. पाचव्या दिवशी चहा देताना बोलून टाकलं. "तिला रिकामी म्हणायचं होतं. मी डोळे वटारले म्हणून नीट सांगितलं नाही तिनं." यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "स्टूल दे. माळ्यावरचं काढायचंय."

रविवारी परत बॉनेट उघडलं. या वेळी यांनी आधी इंजिन थोडं फिरवून घेतलं आणि मग दांडा दाबला. झाकण निघालं. लेक वाकली.

"कुठे आहे?"

तिनं तोंड उघडलं, मिटलं, आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं. हातभरावर पेट्रोलची भरलेली वाटी होती, आठवड्यापूर्वी तिथूनच जाळ उठला होता, आणि पोरगी घाबरून बघत होती ती माझ्याकडे. मी इतक्या गोष्टींना घाबरते, पण माझं लेकरू कशाला घाबरतं ते मी कधी बघितलंच नव्हतं.

"बोल बेटा," मी म्हटलं. "जैसे आता है वैसे बोल."

ती वाटीकडे वळून म्हणाली, "ऊपर है, बाबा. निशान से बहुत ऊपर."

यांनी चिमटा उचलला. मी माठावरचं तरट सोडवून पुन्हा भिजवलं आणि हातात धरून उभी राहिले.