फेट्याचं दुसरं टोक

रहिमतपूरच्या बाजूला आमचा दुधाचा प्लांट आहे. तिथं दूध साठवायला टाक्या आहेत आणि किस्से साठवायला कॅन्टीनमधलं एक बाक. टाक्या रोज रिकाम्या होतात, किस्से मात्र साचतच जातात! कुणी चहा घेऊन बसलं की वरचा एखादा निघतो. पूर्वी पोट धरून हसायचो. हल्ली सांगता सांगता चहा गार होतो.

*

'स्वतःचा विकास' आमच्याकडं निकम साहेबांबरोबर आला. निकम साहेब म्हणजे पुण्याहून आलेले एचआर मॅनेजर. पहिल्याच सोमवारी त्यांनी सगळ्यांना हॉलमध्ये उभं केलं आणि विचारलं, "तुम्ही कामाला का येता? पगार सोडून कारण सांगा!"

शेवटी गेटवरचे पवार हवालदार, फौजेतून रिटायर होऊन आमच्या सिक्युरिटीत आलेले, सावधानमध्ये उभे राहिले.

"सर, घरी सून बोलती!"

साहेबांनी फळ्यावर लिहिलं, 'कौटुंबिक प्रेरणा'.

*

मग साहेबांनी चेहरा दाखवून हजेरी लावायचं मशीन आणलं. ते छोट्या गेटवर बसवलं. मोठं गेट फक्त टँकरला आणि साहेबांच्या गाडीला उघडायचं, बाकी सगळ्यांनी येता-जाता मशीनसमोरून जायचं.

त्याच महिन्यात पवारांचा थोरला भाऊ गेला. दहाव्याला पवारांनी मिशी उतरवली आणि कामावर आले, तर मशीन त्यांना ओळखेना. गेट सांभाळणारा माणूस गेटवर उभा आणि हजेरीत गैरहजर! तक्रार घेऊन गेले तर साहेब म्हणाले, "पवार, बदलाकडं संधी म्हणून बघा."

"बघतो सर," पवार म्हणाले. "मिशी आल्यावर बघतो."

*

आता कोळेकर मामा. मामा जतकडचे. दुष्काळात पाण्यापायी मेंढरं विकली, इकडं आले आणि दुधाचे क्रेट धुवायला लागले. केस पांढरे झाले तरी धुतच होते. होते ठेकेदाराचे माणूस. ठेकेदार बदलत गेले, मामा तेच राहिले.

आमच्याकडं रिटायर होणाऱ्याचा सत्कार करायची रीत आहे. त्याला बायकोशेजारी खुर्चीत बसवायचं, फेटा बांधायचा, शाल-नारळ द्यायचा. फेटा बांधणार मामाच. मी पॅकिंगचा सुपरवायझर, पण त्या दिवशी माझं काम एकच, कापडाचं दुसरं टोक ताणून धरायचं.

एका सेशनला साहेबांनी मामांना गाठलं. "सांगा, पुढं स्वतःला कुठं बघता?"

मामा लाजले. "त्या सत्काराच्या खुर्चीत, सायेब. डोस्क्याला फेटा आन् शेजारी आमची मंडळी."

टाळ्या पडल्या. "व्वा! रोज डोळे मिटून तेच चित्र बघत जा!" साहेब म्हणाले.

बाहेर आल्यावर मामा मला म्हणाले, "दादा, ह्यात नवीन काय सांगितलं? त्ये तर मी कवापासनं बघतूय."

*

वेळ वाचावा म्हणून साहेबांनी मधेच एक रेडीमेड फेटा आणला. बॉयलरवरच्या मान्यांचा सत्कार होता आणि मान्यांचं डोकं म्हणजे कलिंगड! फेटा वरच्यावर बसला आणि फोटोच्या वेळी घरंगळून पेढ्यांच्या ताटात पडला.

"थोडं ॲडजस्ट करायला शिका माने," साहेब म्हणाले.

"करतो की. डोस्कं तासून आणू का?"

मामा पळत जाऊन कापड घेऊन आले. मी टोक धरलं.

*

मामांची साठी झाली. महिनाअखेरीला थांबायचं, असं ठेकेदारानं फोनवर सांगितलं. मी साहेबांकडं सत्काराचं बोलायला गेलो.

"कॉन्ट्रॅक्टचा माणूस रिटायर होत नसतो हो," साहेब म्हणाले. "त्याचं फक्त कॉन्ट्रॅक्ट थांबतं."

"साहेब, शाल-नारळ आम्ही आणतो. तुम्ही नुसता हॉल द्या."

"प्रश्न शालीचा नाही, पॉलिसीचा आहे. त्यांना म्हणावं, समाधान आतून यायला हवं."

मला संताप आला. मी नमस्कार करून बाहेर आलो. मामांना सांगितलं, तर त्यांनी नुसती मान हलवली आणि पुढचा क्रेट ओढला.

*

मामांच्या शेवटच्या दिवशीच साहेबांचा निरोपसमारंभ आला. साहेब पुरती दोन वर्षंही राहिले नव्हते, बढतीवर पुण्याला निघाले होते. फेटा बांधायला अर्थातच मामा!

मामी जतहून पहाटेच्या गाडीनं आल्या होत्या. सत्कार होणार नाही हे मामांनी त्यांना सांगितलंच नव्हतं. नवं लुगडं नेसून त्या मागच्या रांगेत बसल्या. मामांनी साहेबांना फेटा बांधला, मी टोक धरलं. साहेब कामातला आनंद कसा शोधावा यावर बोलले आणि बोलता बोलता रडले. मामी हळूच मला म्हणाल्या, "आवं दादा, ह्यांचं कवा हाय?"

मी पाणी आणतो म्हणून उठलो.

खुर्च्या आवरल्यावर मामांनी मला सायकल स्टँडकडं बोलावलं. पिशवीतून लालभडक कापड काढलं. "दादा, जरा टोक धरा."

"आता कुणाला?"

मी टोक धरलं. त्यांनी कापडाला पीळ दिला आणि पहिला वेढा स्वतःच्या डोक्याभोवती घेतला. मामी शेजारी उभ्या राहिल्या.

मग दोघं छोट्या गेटवर गेले. मामा मशीनसमोर उभे राहिले, मशीन ओळखेना. मागं सगळी शिफ्ट खोळंबली.

"मामा, फेटा उतरवा," पवार म्हणाले. "न्हाईतर आजची हजेरी पडायची न्हाई."

"न्हाई पडली तर न्हाई, हवालदार. आज मी कामाला आलोच नव्हतो."

पवारांनी एकदा मामांकडं बघितलं, एकदा मामींकडं. मग जाऊन मोठं गेट उघडलं.