सुतारीण काय म्हणाली?

माणसांशी बोलून कधीच न दमणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि दुर्दैवाने ते माझेच मामा निघाले. पाटोद्याच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं. शर्टपीस घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला ते आधी गाव विचारत, मग भावकी, मग म्हशीची तब्येत. कापड दाखवायचं बहुधा राहूनच जाई. कंटाळून माणूस समोरच्या दुकानात गेला, तर मामा रस्ता ओलांडून जात आणि राहिलेलं विचारून येत. मामी गेल्यावर हा सोस फारच वाढला, कारण घरी परतल्यावर बोलायला कुणी उरलं नव्हतं.

गावात एसटीडीची पाटी आली, केबल आली, तेव्हा आपण मागे राहायचं नाही म्हणून मामांनी कॉम्प्युटर घेतला. मी अंबाजोगाईला कॉलेजात होतो. सुट्टीत आलो की तो चालवायचं काम माझ्याकडे. कुणीतरी त्यात शेतीचा एक खेळ घालून दिला होता. टुमदार खेडं, त्यात आपण पेरायचं, गाय पाळायची आणि गावकऱ्यांना भेटवस्तू देऊन मैत्री वाढवायची. खेडं म्हटल्यावर मामा हरखले. खेळ इंग्रजीत, म्हणून गावकरी बोलला की मी ते मराठीत सांगायचं असं ठरलं. हे कबूल करण्याइतका मोठा गाढवपणा मी पुन्हा केलेला नाही.

कारण त्या गावात धड बोलता कुणालाच येत नव्हतं. घरं सुरेख, झाडं सुरेख, आणि माणसाला मोजून एकेक वाक्य. सुतार रोज म्हणे, "आज हवा छान आहे." त्याच्या बायकोला मुळा दिला की ती म्हणे, "अय्या, मला मुळा फार आवडतो!" चाळिसाव्या मुळ्यालाही तेच. मामा पडद्यावर ओरडले, "अबे, परका माणूस रोज तुझ्या बायकोला मुळे देतोय, अन् तू हवेचं काय सांगतोस? आमच्याकडं एव्हाना डोकी फुटली असती!"

मग खेळातली गाय मेली. मामांनी कॉम्प्युटर तीन दिवस बंद ठेवला. आपल्याकडे बैल गेला तरी चार माणसं भेटायला येतात. त्या लोकांनाही यायला वेळ द्यावा, हा त्यांचा हिशेब. यंत्र बंद असलं की खेळातला दिवसही थांबतो, हे मी घसा सुकेपर्यंत सांगितलं. चौथ्या दिवशी सुरू केलं, तर दारात सुतार. "आज हवा छान आहे."

"तीन दिस झाले, एक माणूस भेटाया आला न्हाई! कसलं गाव हाय हे?" मामा म्हणाले, आणि मग त्यांचा संशय माझ्यावर वळला. "एवढी झाक घरं बांधणारा माणूस बोलणं असं भिकार कशाला लिहील? तूच नीट सांगंना झालास."

वैतागून मी सरळ थापा मारायला लागलो. सुतारणीच्या थोरल्या पोरीची सोयरीक जमवली, सुताराला गुडघेदुखी दिली. मामा खुर्ची ओढून पडद्याजवळ बसत. "तिला म्हणावं, घाई करू नगं. आधी घर बघ, मग पोरगा." मी तो निरोप कीबोर्डावर खोटाच टाइप करी. इकडे खेळातलं पीक वाळून गेलं, पण सोयरीक काही संपेना, आणि माझ्या सुट्ट्या तिच्यातच गेल्या.

पुढे मला पुण्याला नोकरी लागली. दर रविवारी बूथवरून फोन करायचो. "जेवलात का? तब्येत बरी ना? ठेवतो मग." एका रविवारी मामा म्हणाले, "ठिवू नगं. सुतारीण काय म्हणली ते सांग."

"मामा, ते सगळं मी मनचं सांगत होतो."

"ठाव हाय की. इंग्रजी येत न्हाई, पर डोळे हायेत ना मला? पडद्यावरली ओळ रोज तीच असायची." मग ते म्हणाले, "पर तू लई बोलायचास रे."

मला फार लाज वाटली. मागे रांगेतला माणूस बूथची काच वाजवत होता. त्याच्याकडे पाठ करून मी म्हणालो, "मामा, सोयरीक मोडली."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"कावून? कशापायी मोडली?" मामांनी विचारलं.